सपाट नागपुरात घाटातल्या रेल्वेचं वेड?

‘नागपुरात डोंगर म्हणाल तर सीताबर्डीची टेकडी. मग घाटातल्या बंद रेल्वेलाइनींचं हे वेड तुम्हाला लागलं कुठून?’ लग्नात पंगतीला शेजारी बसणारा हमखास हे विचारतो. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

घाट आपल्याला वाटतो तितका लांब नाहीच. नागपूरच्या इतवारीहून छिंदवाड्याला जाणारी छोटी लाइन, म्हणजे नॅरोगेज, सावनेर, सौंसर करत रामाकोन्यापुढे सातपुड्याला भिडायची आणि भिमालगोंदी ते भंडारकुंड या टप्प्यात वर चढायची. दोन रुळांमधलं अंतर अवघं 762 मिलिमीटर. मोठ्या लाइनीचं 1676. अरुंद लाइनीला अवघड वळणं झेपतात, त्यामुळे डोंगर फोडायचा खर्च वाचतो. टेकडी आडवी आली की वळसा, नाला आला की छोटा पूल. 2015 च्या अखेरीस ती बंद झाली आणि आता तिथे मोठी लाइन बोगद्यातून जाते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. छिंदवाड्याहून दवाखान्यासाठी नागपूर गाठणाऱ्याला वळणांचं काय कौतुक! पण बोगद्यात घाट दिसत नाही, आणि मला नेमकं तेच बघायचं असतं, चढ सर केला कसा ते.

असा चढ तुम्हीही अनुभवलाय. मुंबईहून परतताना कसाऱ्याला गाडीच्या मागे जास्तीची इंजिनं लागतात, इगतपुरीला सुटतात. बँकर म्हणतात त्यांना. थळ घाटात 37 मीटरला 1 मीटर चढ आहे, एकट्या इंजिनाचं काम नाही ते. डब्यातली मंडळी तेव्हा वडापाव शोधत असतात.

बोर घाटात तर 1863 ते 1929 खंडाळ्याजवळ गाडीची दिशाच बदलायची. डोंगरात वळायला जागा नव्हती. मग गाडी एका टोकाला नेऊन थांबवायची, इंजिन दुसऱ्या बाजूला जोडायचं आणि उलट दिशेने पुढचा चढ धरायचा.

माझा जीव मात्र आपल्या विदर्भातल्या धूळघाटावर. अकोला–खंडवा मीटरगेजवर, म्हणजे रुळांत एक मीटर अंतर असलेल्या लाइनीवर, तिथे रूळ पूर्ण फेरा मारून पुलावरून स्वतःलाच ओलांडायचे. उंची तेवढीच, पण अंतर वाढवलं की चढ सौम्य होतो. गणित शाळकरी आहे. ते जंगलात दऱ्याखोऱ्यांवर बसवणं शाळकरी नाही. मेळघाटातली ही लाइन 2017 च्या सुरुवातीपासून बंद आहे. रुंदीकरण जंगलातून करायचं की बाहेरून, यावर बराच वाद झाला. मला विचाराल तर जंगलातली जागा वाघाला राहू द्या. ‘न्या ना एकदा’ म्हणणाऱ्यांना मी साफ नाही म्हणतो; व्याघ्रप्रकल्पात परवानगीशिवाय पाय ठेवायचा नसतो.

बंद लाइनीवर जाऊन बघायचं काय, हा तुमचा पुढचा प्रश्न असणारच. रुळाखालच्या जुन्या मोरीच्या, म्हणजे छोट्या पुलाच्या, कमानीत दगडावर टाकीचे घाव दिसतात. गर्डरवर रिव्हेटच्या रांगा. आणि रुळाच्या बाजूला कारखान्याचं नाव नि वर्ष उठवलेलं असतं; चिंधीने गंज पुसला की अक्षरं बोटाला लागतात. तासभर सहज जातो. बायको म्हणते, दोन जातात.

सुरुवात करायची तर नागपुरातच मोतीबागेतलं नॅरोगेज संग्रहालय आहे, 2002 पासूनचं. पोरांना घेऊन जा. मग दिवसाउजेडीची गाडी धरून छिंदवाड्याला जा. झोपायचं तर सौंसरपर्यंत झोपून घ्या, रामाकोना गेलं की खिडकी सोडू नका.