तुम्ही विचारलंत म्हणून : मॅकवर विंडोजचा गेम

"मॅकबुक तर घेतला भावा, आता विंडोजचे गेम त्यावर कसे चालवायचे?" राजारामपुरीतल्या कॉलेजच्या पोरांपासून घरी बसून डिझाइनचं काम करणाऱ्यांपर्यंत सगळे हेच विचारतात. त्यावर आधी आमचा उलटा प्रश्न: गेम कुठला? रस्ता आधी गेमवरून ठरतो, मॅकचा नंबर त्यानंतर.

व्हॅलोरंट असेल तर विषय इथंच संपला. त्यातली व्हॅनगार्ड ही चीटिंग पकडणारी यंत्रणा ड्रायव्हर बनून विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या अगदी गाभ्यात बसते. मॅकमध्ये तो गाभाच नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे मॅकच्या आत चालणाऱ्या नकली संगणकात, विंडोज टाकून फसवायला जाल, तर ती ओळखते आणि दारातूनच परत पाठवते. जीटीए फाइव्हचं त्रांगडं जरा वेगळं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याला बॅटलआय ही चीटिंग पकडणारी यंत्रणा जोडली, तेव्हापासून ऑनलाइन भाग पुढं सांगितलेल्या क्रॉसओव्हरच्या मार्गानं बंद झाला. रॉकस्टार लाँचरच्या सेटिंगमध्ये बॅटलआय बंद केलं की स्टोरी मोड खेळता येतो.

गेम यातला नसेल, तर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात त्याच्या पानावर ॲपलचं चिन्ह दिसतंय का ते बघा. बाल्डर्स गेट ३ मॅकवर थेट चालतो, जुलै २०२५ पासून सायबरपंक २०७७ सुद्धा. स्टीमवर एकदा घेतलेला गेम दोन्हीकडे तुमचाच असतो. मात्र २०१९ च्या कॅटालिना या मॅकओएसच्या आवृत्तीपासून मॅकनं ३२ बिटचे प्रोग्रॅम बंद केले, त्यामुळे कित्येक जुन्या गेमची खास मॅकसाठी काढलेली आवृत्ती उघडतच नाही. त्याच गेमची विंडोज आवृत्ती पुढं सांगितलेल्या रस्त्यानं बऱ्याचदा चालते. उलटाच न्याय, पण आहे खरा.

हा रस्ता म्हणजे क्रॉसओव्हर नावाचा प्रोग्रॅम. ॲपलची एम१ किंवा त्यापुढची चिप असेल, तर सुरुवात इथूनच करावी. त्याचा पाया वाइन, म्हणजे १९९३ पासून चालू असलेला मुक्त प्रकल्प. यात विंडोज कुठंच नसतं. मातीतला पैलवान गादीवर उतरला की डाव तेच राहतात, फक्त मधे कुणीतरी नियम समजावणारा लागतो. वाइन ते काम करतं: गेमनं विंडोजकडे मागितलेली गोष्ट मॅकच्या भाषेत सांगतं. इंटेलसाठी लिहिलेला कोड ॲपलच्या चिपवर चालवायचं काम ॲपलचं रोझेटा करतं.

क्रॉसओव्हर १४ दिवस फुकट वापरता येतं. उघडल्यावर इन्स्टॉलमध्ये स्टीम शोधायचं. ते एक 'बॉटल' तयार करतं, म्हणजे गेमला सी ड्राइव्ह वाटावी असं फोल्डर. त्यात विंडोजचं स्टीम बसतं, तिथं लॉगिन करायचं आणि गेम उतरवून घ्यायचा. बॉटल डिलीट केली की आतले गेमही गेले, हे विसरू नका. पन्नास-साठ जीबी परत उतरवावे लागतात.

खरी मेख बॉटलच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये आहे. डायरेक्टएक्स म्हणजे विंडोजच्या गेमची ग्राफिक्सची भाषा, मेटल ही ॲपलची. डायरेक्टएक्स १२ चा गेम असेल तर डी३डीमेटल निवडा. हे ॲपलनं जून २०२३ मध्ये गेम पोर्टिंग टूलकिटमधून आणलेलं भाषांतर-यंत्र. डायरेक्टएक्स ११ साठी आधी डीएक्सएमटी, नाही जमलं तर डीएक्सव्हीके, हीसुद्धा तसलीच भाषांतर-यंत्रं. डीएक्सव्हीके आधी वल्कन या तिसऱ्या ग्राफिक्स भाषेमध्ये आणि तिथून मेटलमध्ये असं दोनदा भाषांतर करतं, तरी काही गेमना तेच मानवतं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि गेम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. गेम उघडताच 'एव्हीएक्स नाही' म्हणून बंद पडत असेल, तर मॅकओएस सेक्वोया किंवा त्यापुढचं हवं. एव्हीएक्स म्हणजे इंटेलच्या प्रोसेसरच्या काही खास सूचना, आणि रोझेटाला एव्हीएक्स२ तिथपासून कळतं.

पहिली दहा-पंधरा मिनिटं गेम अडखळतो, तेव्हा लगेच शिव्या घालू नका. शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, तयार होत असतात, एकदा झाले की पुढच्या वेळी सुरळीत. रेटिना स्क्रीनच्या पूर्ण रेझोल्यूशनवर खेळायचा हट्ट मात्र सोडा. १०८० किंवा त्याहून कमी ठेवा, गेममध्ये एफएसआर (कमी रेझोल्यूशनचं चित्र मोठं करणारी सोय) असेल तर चालू करा. ८ जीबीच्या मॅकमध्ये तीच मेमरी ग्राफिक्सलाही वाटून जाते, म्हणून ब्राउझर बंद. एअरला पंखा नाही. आपल्याकडच्या एप्रिलात अर्ध्या तासानं फ्रेम पडायला लागल्या तर तो बिघाड नाही, चिप तापून स्वतःच वेग कमी करते. गादीवर ठेवून खेळू नका, टेबलावर ठेवा. एक्सटर्नल एसएसडी घेणार असाल तर ती ॲपलच्या एपीएफएसमध्ये फॉरमॅट करा. विंडोजच्या एनटीएफएसची डिस्क मॅक नुसती वाचतो, तिच्यावर लिहीत नाही.

मॅकमध्ये व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या पॅरलल्सबद्दल फार विचारतात. अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर चालवायला ते उत्तम, मोठ्या गेमला नाही. ॲपलच्या चिपवर त्यात एआरएमचं, म्हणजे तसल्याच चिपसाठीचं, विंडोज ११ चालतं, मेमरी दोन सिस्टिममध्ये वाटली जाते आणि डायरेक्टएक्स १२ मिळत नाही. जुना इंटेल मॅक असेल तर ॲपलच्याच बूटकॅम्पनं खरंखुरं विंडोज १० टाकता येतं. त्यासाठी १२८ जीबी जागा मोकळी ठेवा. पण साध्या इंटेल ग्राफिक्सच्या एअरवर एवढी खटपट करण्यात राम नाही.

घरात विंडोजचा बरा पीसी असेल, तर त्यावर सनशाइन आणि मॅकवर मूनलाइट टाका. गेम पीसीवर चालतो, चित्र मॅकवर येतं. पीसी राउटरला केबलनं जोडा, मॅक ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर ठेवा. दोन्ही वायफायवर असले की चित्र फाटतं, आणि दोष मूनलाइटला लागतो. पावसाळ्यात लाइट गेली तर मॅकबुक बॅटरीवर टिकतो, राउटर आणि पीसी टिकत नाहीत. तेव्हा एक यूपीएस घ्याच.

नवा गेम घेताना स्टीमचा परताव्याचा नियम वापरा: घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत. गेम उघडून शेडरची वाट बघत बसलात तरी तो वेळ त्या दोन तासांतच मोजला जातो, म्हणून सेटिंगचे प्रयोग आधी जुन्या घेतलेल्या गेमवर करून ठेवा.