घाट चढताना म्हटलेली स्तोत्रं

आमच्या अमरावती जिल्ह्यात देवासाठी पायी चालणं कोणाला नवं नाही. माघात प्रगटदिनाच्या सुमारास शेगावची वाट माणसांनी भरून जाते, रिद्धपूरला महानुभाव पंथाचे लोक येतात, बहिरमची यात्रा तर घरोघरची. ख्रिस्ती घरात वाढलेला मी ही चालणारी माणसं लहानपणापासून बांधावर उभा राहून पाहत आलो. यंदा लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, आमच्या चर्चच्या मंडळीनं परतवाड्याहून चिखलदऱ्यापर्यंत पदयात्रा काढायची ठरवली, तेव्हा पहिलं नाव मी दिलं.

बाबा गेल्यापासून माझी प्रार्थना कोरडी पडली होती. रविवारची उपासना चुकत नव्हती, जेवणाआधी आभार मानणं सुटलं नव्हतं, पण आत काही हलत नव्हतं. देव आहे की नाही, अशी शंका कधी आली नाही. तो हवा होता आणि सापडत नव्हता, एवढंच.

उजाडायच्या आत निघालो. पुढे टाळ, ढोलकी. पेटी सामानाच्या ऑटोत. ख्रिस्ती कवी टिळकांची भजनं सुरू झाली. नारायण वामन टिळक नाशिकहून राजनांदगावला निघाले होते, तेव्हा आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला. तो लोहमार्ग आमच्या बडनेऱ्यावरूनच जातो. पुढे १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यामुळे हातात टाळ घेताना मला कधी परकं वाटलं नाही.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा. आंबिया बहाराची फळं वाटाण्याएवढी झालेली. माझीही बाग आहे, म्हणून नजर तिकडेच जात होती. बहार धरायचा तर आधी झाडाला ताण द्यावा लागतो. भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने पाणी तोडायचं. पानं मलूल होतात, पिवळी पडून गळतात. नवख्या माणसाला वाटतं, बाग गेली. शेतकरी मात्र रोज फिरून पाहत असतो, कारण ताण जास्त झाला तर झाड खरंच जातं. मग पाणी सोडलं की फांद्या पांढऱ्या होतात, अख्ख्या शिवारात वास. चालता चालता मनात आलं, माझ्या या वर्षातही कोणी रोज फेरी मारून पाहत असेल. दुःखात बुडालेल्या दुसऱ्या कोणाला मी हे ऐकवणार नाही, ज्यानं त्यानं आपल्या बागेत उभं राहूनच ते समजावं. मला त्या दिवशी त्याचा आधार झाला.

धामणगाव गढीला एका अंगणातून हाक आली. मावशीनं कळशी आणून ठेवली.

“कोनाची दिंडी व्हय?”

“येशूची, मावशी.”

“मंग पानी पिऊन घ्या बाप्पा, समोर चढाव हाय. मीबी माघात पायी जातो शेगावले.”

तिनं माझ्या पायाकडे पाहिलं, आत गेली आणि खोबरेल तेलाची वाटी घेऊन आली. अंगठ्याजवळचा फोड दाबू नको, फोडू तर नकोच, वरून तेल लावून कापड बांध, असं बजावलं. कापडही तिनंच दिलं, जुन्या लुगड्याचं.

मुक्कामाला पाळकसाहेबांनी बायबलमधलं बेचाळिसावं स्तोत्र वाचलं. पाण्यासाठी तळमळणारी हरिणी आम्हाला लहानपणापासून पाठ. त्याच स्तोत्रात पुढे येतं, की सणाच्या गर्दीबरोबर गात गात आपण देवाच्या घराकडे जायचो, ही आठवण स्तोत्रकर्त्याला व्याकूळ करते. इतक्या वर्षांत मी तिथं थांबलोच नव्हतो. तहान त्याची एकट्याची, पण आठवण काढतो ती सगळ्यांबरोबर चालण्याची! मी वर्षभर देवाला एकट्यानं खोलीत शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी घाट. सागाची पानं झडलेली, पळस फुललेला, मोहाच्या झाडाखाली कोरकू बायका टोपल्यांत फुलं वेचत होत्या. यरुशलेमेला सणासाठी चढून जाणारे यात्रेकरू म्हणत ती आरोहणस्तोत्रं, १२० ते १३४, अशी पंधरा. प्रत्येक थांब्यावर एकेक म्हणायचं ठरलं होतं. काही तर तीनच ओव्यांची. दम लागलेल्या माणसालाही पुरतात. १३० वं माझ्या वाट्याला आलं. खोलातून मारलेली हाक, आणि पहारेकरी पहाटेची वाट पाहतात त्याहून जास्त माझा जीव प्रभूची वाट पाहतो, हे वचन. रानडुकरांसाठी बाबा आणि मी हरभऱ्यात जागलीला बसायचो. तीननंतरची वेळ सरता सरत नाही. बाबा म्हणायचे, “झोप तू, मी हावो ना.” ते आठवलं आणि आवाज फुटेना. उरलेलं स्तोत्र पेटी वाजवणाऱ्या पोरानं म्हटलं, बाकीच्यांनी साथ दिली. मी रडत होतो आणि त्याच वेळी प्रार्थनाही चालली होती. कोणाला उद्देशून, हे विचारायची गरज उरली नव्हती.

मोथ्याच्या पुढे वारा गार झाला. चिखलदऱ्याला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. तिथं प्रभुभोजन झालं. भाकरीचा तुकडा हातात घेतला तेव्हा भूक होती, पोटाची आणि जिवाची दोन्ही. त्यानंतर मंडळीसमोर बाबांचं नाव घेऊन मी देवाचे आभार मानले. वर्षभर ते नाव प्रार्थनेत ओठांवर आलं नव्हतं.

आता आमच्या वस्तीवर दर गुरुवारी संध्याकाळी चार-पाच घरं जमतात आणि एकेक आरोहणस्तोत्र म्हणतात. एखाद्या गुरुवारी मन पुन्हा कोरडंच असतं. तरी मी जातो, शेजारच्याचा सूर धरतो.