तुम्ही विचारलंत म्हणून : ठेव असताना देणगी कशाला?

“बँकेत एवढी मुदत ठेव आहे, मग आमच्याकडे का मागता?” आमच्या संस्थेचा अहवाल हातात पडला की कोणीतरी विचारतंच. मानसिक आजार असलेल्यांसाठीच्या आमच्या दिवसकेंद्राचा सहा महिन्यांचा खर्च निघेल एवढी ती ठेव आहे. आयकर कायद्याप्रमाणे करसवलत हवी तर धर्मादाय संस्थेला उत्पन्नातले ८५ टक्के साधारणपणे कामावर खर्चावे लागतात, १५ टक्के मागे ठेवता येतात. त्यातूनच ती हळूहळू साठली. सीएसआरचा, म्हणजे कंपन्या सामाजिक कामासाठी देतात तो पैसा बहुधा प्रकल्पाला बांधलेला असतो. त्यातून जागेचं भाडंसुद्धा देता येईलच असं नाही.

पण मीही एकेकाळी हेच विचारत होतो. खजिनदार झालो त्याच वर्षी विश्वस्तांच्या बैठकीत भांडलो, “लोकांनी पैसा माणसांसाठी दिलाय, बँकेसाठी नाही.” शिल्लक होती ती मोडली, एक समुपदेशक वाढवली. पुढच्या वर्षी अनुदानाचा दुसरा हप्ता आलाच नाही. दोन महिने पगार थकले. दोघी समुपदेशक गेल्या. त्यांना कोणत्या तोंडाने थांबवणार? केंद्राला तीन महिने कुलूप लागलं.

आम्ही घरोघरी फोन केले होते. तरी स्किझोफ्रेनिया असलेला एक मुलगा येत राहिला. एकट्याने एसटीत बसायला त्याला दोन वर्षं लागली होती. डबा घेऊन यायचा, बंद दाराशी पायरीवर बसायचा, दुपारी डबा खाऊन परत जायचा. खालच्या दुकानदाराने मला सांगितलं तेव्हा नववा दिवस होता. मी जाऊन त्याला समजावलं. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही.

केंद्र उघडल्यावर त्याच्या घरी गेलो. आई म्हणाली, “दादा, आता तो उंबऱ्याबाहेर पडत नाही. गोळ्याही नको म्हणतो.” मी नव्या ताईंचं नाव सांगितलं. आतून आवाज आला, “जुन्या ताई कुठं गेल्या?”

म्हणून ठेव. तरीही तुमचा प्रश्न चुकीचा आहे असं मला म्हणवत नाही. आज आमच्या प्रतीक्षायादीत बारा जण आहेत. ठेव मोडली तर त्यातल्या चौघांना उद्याच घेता येईल. ते चौघे घरात बसून आहेत, आणि त्यांच्या आयांनाही मी ‘थोडं थांबा’ एवढंच सांगतो. तेव्हाचा मी आज समोर बसला असता तर त्याने ही यादीच पुढे केली असती. मी त्याला त्या पायरीबद्दल सांगितलं असतं. तो गप्प बसला असता असं मला वाटत नाही.

गेल्या महिन्यात ठेवीची मुदत संपली. नूतनीकरणाच्या अर्जावर मी सही केली, आणि त्याच दुपारी यादीत बारावं नाव लिहिलं.