कोथरूड–डेक्कनसाठी डिझेल नको

डिझेल हॅचबॅक घ्यायची का, हे लोक महिन्याच्या किलोमीटरवरून ठरवतात. खरं बघायचं ते एका फेरीत गाडी किती धावते. पुण्यात रोज कोथरूडहून डेक्कनला जाऊन यायचं असेल, तर महिन्याला हजार किलोमीटर भरले तरी ही गाडी घेऊ नका. एवढ्याशा अंतरात इंजिन नीट तापायच्या आत बंद होतं, ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (हा थोडा धूर परत इंजिनात वळवतो) काजळी साचते, मग पिकअप जातो आणि काळा धूर सुरू होतो.

२०२० नंतरच्या बीएस ६ (धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम) गाड्यांत डीपीएफची भर पडली. एक्झॉस्टमधला हा फिल्टर काजळी अडवतो आणि ती जाळून स्वतः साफ होतो. त्यासाठी आत साधारण ६०० अंश तापमान लागतं, म्हणून इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं. मध्येच गाडी बंद केली की काम अर्धवट राहतं. असं वारंवार झालं की डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर (ऑइल मोजायची पट्टी) ऑइल वाढलेलं दिसलं तर ते बदलायचंच. डीपीएफचा दिवा लागला तर वारज्यातून बायपासला लागा आणि देहूरोडच्या दिशेने वीसेक मिनिटं आरपीएम दोन हजारांच्या वर ठेवून सलग चालवा. संध्याकाळी वाकडजवळ हे जमणं कठीण, रात्री उशिराच निघा. दुर्लक्ष केलंत तर वर्कशॉपमध्ये जबरदस्तीने साफ करावा लागतो, आणि तेवढ्यावर भागलं नाही तर नवा फिल्टर. तो खिसा रिकामा करतो.

आता पैशाचं. समजा शहरात पेट्रोलला १४ चं ॲव्हरेज, डिझेलला १८ चं, आणि भाव अनुक्रमे १०४ आणि ९१ रुपये. किलोमीटरमागे सव्वादोन ते अडीच रुपये वाचतात. पण डिझेल गाडी सव्वा लाखाने महाग, शिवाय दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स ११ टक्के तर डिझेलला १३. पासष्ट हजार किलोमीटरनंतर कुठे बरोबरी होते. दर आठवड्याला सातारा-कोल्हापूर करणाऱ्याला ते सहज जमतं. खंबाटकीत चार माणसं आणि सामान घेऊन चढताना डिझेलचा टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, काय चीज आहे तेही कळतं.

नव्यात अल्ट्रोजखेरीज फारसं उरलेलं नाही. जुन्यात बीएस ४ स्विफ्ट बघा, डीपीएफची कटकट नाही. तिचं १२४८ सीसीचं फियाट इंजिन दणकट आहे (हेच रांजणगावला बनून पुंटोतही बसायचं), पण दोन हजार आरपीएमच्या खाली सुस्त. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये सारखा हाफ क्लच धरून क्लचप्लेट लवकर जाते.

जुनी गाडी बघायला जाताना मालकाला गाडी आधी सुरू करू देऊ नका. थंड इंजिनावर सुरुवातीलाच खडखड आली आणि थांबली नाही तर टायमिंग चेन सैल झालेली असू शकते. ऑइल वेळेवर न बदलल्याचा हा परिणाम. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, बहुधा टर्बोचं सील. सुरू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडा. भकाभका वाफ बाहेर आली तर भाव न करता परत फिरा.