पावसाचं पाणी कुठे थांबवायचं ते आधीच ठरवणारी शहरं: कोपनहेगन आणि माल्मो

कोपनहेगनला जाणारी आपली मंडळी न्यूहावनच्या रंगीत घरांसमोर फोटो काढतात, जलपरी बघतात, तिवोलीत एक संध्याकाळ घालवतात. मीही गेले, छानच आहे सगळं. पण ही पोस्ट त्यावर नाहीये. मला तिथल्या दोन-तीन बागा आणि चौक बघायचे होते, जिथे टुरिस्ट सहसा थांबत नाहीत पण न्यूयॉर्कच्या महापालिकेने मात्र ज्यांच्याकडून धडे घेतलेत. मी मुंबईत शीवला राहते. ज्याने गांधी मार्केटला दर पावसाळ्यात पाणी भरताना बघितलंय त्याला हे का बघावंसं वाटतं ते वेगळं सांगायला नको.

आधी थोडी पार्श्वभूमी. २ जुलै २०११, शनिवार संध्याकाळ, कोपनहेगनवर दोनेक तासांत जवळपास १५० मिमी पाऊस पडला. आपल्याला हा आकडा मोठा वाटत नाही, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडलेला आपण पाहिलाय. पण कोपनहेगनचा अख्ख्या वर्षाचा पाऊस सहा-सातशे मिमी, त्यातला एवढा एका संध्याकाळी आला तर काय होणार. तळघरं भरली, रस्ते बंद, तिथलं सगळ्यात मोठं हॉस्पिटल रिकामं करायची वेळ जवळजवळ आली होती. नुकसान ६ अब्ज डॅनिश क्रोनरच्या आसपास. आणि मग पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, महापालिकेने ढगफुटीसाठीचा आराखडा आणला, साधारण ३०० कामं, वीसेक वर्षांत करायची.

मावसबहीण तिथे नोकरीला आहे. तिने मला सायकल दिली, हेल्मेट दिलं आणि म्हणाली ताई, उजवीकडूनच चालव आणि वळताना हात दाखव. तशी मी शहरातल्या ऑस्टरब्रो या भागात गेले. तिथला तोसिंगे प्लाद्स हा चौक २०१४ च्या शेवटी तयार झाला. पूर्वी इथे डांबर आणि पार्किंगच जास्त होतं, आता चक्क उतार असलेली बाग आहे, एका कोपऱ्यात खोलगट भाग, त्यात दाट झाडी, आणि मध्ये उलट्या छत्र्यांसारखी मोठी शिल्पं जी पाऊस झेलतात. बाकावर आज्या बसल्या होत्या, पोरं उतारावरून लोळत होती. यातलं काय पाण्यासाठी आणि काय माणसांसाठी ते सांगताच येत नाही, आणि मला वाटतं हीच त्यातली खरी कमाल आहे.

एक गोष्ट मात्र नीट वाचल्याशिवाय कळत नाही. छपरावरचं पाणी आणि रस्त्यावरचं पाणी इथे वेगळं ठेवतात. कारण हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, आणि डेन्मार्कचं पिण्याचं पाणी जमिनीखालून येतं, म्हणून ते खारं, मळलेलं पाणी सरळ जमिनीत मुरू द्यायचं नाही. छपराचं पाणी स्वच्छ, ते खुशाल मुरू दे. इतका बारीक विचार एका चौकासाठी!

तिथून पाच मिनिटांवर सांक्ट केल्ड्स प्लाद्स, पूर्वी नुसता मोठा ट्रॅफिक सर्कल, आता मधे जंगलासारखी झाडी आणि पाण्यासाठी केलेले खोलगट भाग. गाड्या जातात अजूनही, पण कडेकडेने, हळू.

दुसऱ्या दिवशी वेस्टरब्रोमधली एन्घावेपार्कन. ही जुनी बाग, १९२० च्या दशकातली, आणि तिचं जुनेपण जपून त्यांनी काम केलंय, कार्ल्सबर्गच्या टेकडीवरून पाणी खाली येतं ते इथे अडवायचं ही कल्पना. बागेच्या कडेने एक बुटकी भिंत आहे, जिच्यावर लोक बसतात, मुलं धावतात, आणि जिथे ये-जा करायला जागा सोडलीय तिथे पूर आला की आपोआप वर येणारे अडसर. मोठा पाऊस आला की आधी खेळाचं खोलगट मैदान भरतं, मग बाकीचे खोल भाग, आणि अगदीच अति झालं तर अख्खी बाग तलाव होते. एकूण मावतं २२,६०० घनमीटर, म्हणजे सव्वादोन कोटी लिटरच्या वर. मी गेले तेव्हा त्या खोल मैदानात मुलं हॉकी खेळत होती. बहीण म्हणाली, इथे येऊन इतक्यांदा बसलेय मी, पण ही टाकी आहे हे मला आज कळतंय.

मला सगळ्यात जास्त पटली ती मात्र डोळ्यांना दिसणारी गोष्टच नाहीये. त्यांनी एक आकडा ठरवला: शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसातही रस्त्यावर १० सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी चढता कामा नये. म्हणजे पाणी साचणारच नाही असं वचन दिलेलं नाही, साचेल, पण कुठे आणि किती ते आम्ही ठरवणार. मग त्या आकड्यावरून मागे येत येत कुठला रस्ता कुठे उतरता करायचा, कुठल्या रस्त्याने पाणी बंदराकडे न्यायचं, कुठे बोगदा खणायचा हे काढलं. आणि पैसा? गटाराच्या पाइपाला पाणीपट्टीतून पैसे मिळायचे पण बागेला आणि रस्त्याला नाही, तर त्यांनी कायदाच बदलून घेतला, म्हणजे पाणीपट्टीतून जमिनीवरच्या कामांनाही पैसे देता येतील. नुसते पाइप मोठे करत बसलो तर खर्च कितीतरी जास्त येतो हा हिशोब त्यांनी लोकांसमोर मांडला होता. हे सगळं कंटाळवाणं वाटेल, पण चौकातली ती सुंदर झाडं या कंटाळवाण्या कागदांमुळे उभी आहेत.

आता न्यूयॉर्क. २०१२ मध्ये तिथे सँडी वादळ आलं, समुद्र शहरात घुसला, त्यामुळे समुद्राचं पाणी कसं अडवायचं यावर त्यांचं काम सुरू झालं होतं. कोपनहेगनला पावसाचा अनुभव होता. २०१५ मध्ये दोन शहरांनी करार केला, तुमचं आम्हाला सांगा, आमचं तुम्हाला. त्यातून क्वीन्समधल्या साउथ जमैका हाउसेस या सरकारी घरांच्या वसाहतीत ढगफुटीचं पाणी थांबवायचं काम ठरलं. आणि तिथे त्यांनी काय केलं, तर बास्केटबॉलचं कोर्टच खोलगट करायचं ठरवलं, पाऊस आला की पाणी त्यात, एरवी पोरांचा खेळ. तोसिंगे प्लाद्सची नक्कल नाही केली, त्यांच्या पोरांचा जो खेळ आहे त्यात पाणी बसवलं. मग १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाचा पाऊस आला, सेंट्रल पार्कला एका तासात ८० मिमी, आणि तळघरांतल्या घरांमध्ये माणसं बुडून गेली. त्यानंतर न्यूयॉर्कने अशी कामं इतर वस्त्यांमध्येही वाढवायला घेतली. ती माणसं गेल्यावर वाढवली हे वाचून फार वाईट वाटलं, आपलंही असंच होतं.

एक दिवस माल्मोला गेले. कोपनहेगनहून ट्रेन पकडायची, एअरपोर्ट सोडल्यावर समुद्राखालचा बोगदा, मग कृत्रिम बेट, मग जवळपास ८ किलोमीटरचा ओरेसुंदचा पूल, आणि तुम्ही स्वीडनमध्ये. पासपोर्ट जवळ ठेवा. स्टेशनवरून बस घेऊन ऑगस्टेनबोर्गला उतरले. ही दुसऱ्या महायुद्धानंतर बांधलेली साधी भाड्याच्या घरांची वसाहत, तीन-चार मजली इमारती, आपल्या म्हाडा कॉलनीत शिरल्यासारखं वाटतं. इथली तळघरं पावसात सारखी भरायची. १९९८ पासून त्यांनी पावसाचं पाणी पाइपातून काढून जमिनीवर आणलं, उघडे नाले, तळी, छपरांवर गवत. शाळेच्या आवारात पायऱ्यापायऱ्यांचं गोल अंगण आहे, ते पावसात भरतं आणि एरवी मुलं त्यात बसतात. मी तिथे नाल्याच्या कडेकडेने चालत राहिले, नाला म्हटलं तर हातभर रुंद, स्वच्छ, घरांच्या दारासमोरून जाणारा. ३१ ऑगस्ट २०१४ ला माल्मोवर प्रचंड पाऊस पडला, शहराचे बरेच भाग बुडाले, पण या जुन्या गरीब वसाहतीचं नुकसान त्यामानाने खूप कमी झालं. कोपनहेगनच्या आराखड्याच्या तब्बल चौदा वर्षं आधी शेजारी हे सुरू होतं. आता देशोदेशीचे लोक ते बघायला येतात.

परतताना ट्रेनमध्ये डोक्यात मुंबईच होती. मुंबई २०२० मध्ये हवामान बदलावर काम करणाऱ्या सी-फोर्टी या शहरांच्या गटात गेली, २०२२ च्या मार्चमध्ये हवामान कृती आराखडा आला, म्हणजे बोलणं-चालणं सुरू आहे. दादरजवळ पाणी भरणाऱ्या हिंदमाताला बागेखाली आणि मैदानाखाली टाक्याही बांधल्यात, आणि ते काम मला मनापासून आवडलं. पण एन्घावेपार्कनचा नकाशा उचलून दादरला ठेवला तर चालणार नाही. तिथली बाग कित्येक वर्षांतून एकदा भरेल, आपली जुलैत आठवड्याला भरेल, कारण आपला पावसाळा सव्वादोन हजार मिमीच्या वरचा. तिथल्या समुद्राला भरती-ओहोटी जवळपास नाहीच, आपल्याकडे मोठ्या भरतीला समुद्र साडेचार मीटरच्या वर जातो आणि नाल्यांचं पाणी बाहेर पडायलाच जागा उरत नाही, पंपांनी ढकलावं लागतं. त्यामुळे घ्यायचा तो त्यांचा आकडा ठरवायचा धीर आणि पैशाची सोय. आपल्या पर्जन्यवाहिन्या वाढवताना ध्येय ठेवलं होतं तासाला ५० मिमी पावसाचं. त्याच्या वरचं पाणी कुठे जाणार हे वॉर्डावॉर्डात लिहून, नकाशावर दाखवून लोकांसमोर ठेवा ना. कुठला रस्ता बुडू द्यायचा, कुठलं हॉस्पिटल कोरडं ठेवायचं, कुठल्या मैदानावर दोन दिवस क्रिकेट होणार नाही. मी तरी माझ्या घरासमोरचं मैदान आनंदाने देईन.

यावर एक प्रश्न आहे, पर्जन्य जलवाहिन्या खात्यात काम केलेलं किंवा सिव्हिलवालं कोणी वाचत असेल तर कमेंटमध्ये नक्की सांगा. गांधी मार्केटच्या जवळ मोठी मोकळी जागा शोधायची तर माझ्या डोक्यात आधी माटुंग्याचं फाइव्ह गार्डन्स येतं. पण ते गांधी मार्केटपेक्षा उंचावर आहे की सखल? उंचावर असेल तर मार्केटचं पाणी तिथे आपोआप जाणारच नाही, वरून येणारं पाणी अडवायलाच फक्त उपयोग होईल, आणि मग खालच्या बाजूला रेल्वेच्या हद्दीतली जागा बघावी लागेल. लेव्हल्स कुणाकडे असतील तर पाठवा, मी नकाशावर मांडून बघणार आहे.