पैसा केला

रविवारी आईला बेसिल्डन पार्क दाखवायला नेलं. इंग्लंडात टेम्सच्या खोऱ्यातला, बाथ शहराकडच्या दगडाचा वाडा. पायऱ्या चढता चढता आईने विचारलं, "कुठल्या राजाचा रे?"

राजाचा नाही, कंपनीच्या नोकराचा. फ्रान्सिस साइक्स हा बंगालच्या नवाबाच्या मुर्शिदाबाद दरबारातला ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे प्रतिनिधी. परत येऊन त्याने ही जहागीर घेतली आणि 1776 मध्ये यॉर्कचा वास्तुविशारद जॉन कार याच्याकडून वाडा बांधायला घेतला. बंगालचा 1770 चा दुष्काळ सरून तेव्हा फार वर्षं झाली नव्हती.

अशा वाड्यांबद्दल इंग्रजीत कुठेही वाचा, अमक्याने हिंदुस्थानात पैसा 'केला' हे वाक्य हमखास भेटतं. केला! चकल्या केल्यासारखा. आपल्याकडे तलाठ्याने पैसा केला म्हटलं की ऐकणारा डोळा तरी मिचकावतो. इथे तेच क्रियापद कोट-टाय घालून बसतं. खुद्द साइक्सच्या काळातले लोक जास्त प्रामाणिक होते; ते त्याला 'स्क्वायर मथौट' म्हणून चिडवत. मथौट म्हणजे बंगालात शेतसाऱ्यावर बसवलेली जादा पट्टी.

सोमवारी डबा खाताना हे सगळं तावातावाने सांगितलं, तर कोलकात्याचा सहकारी हसला. "आणि बर्गी कोण रे?" बर्गी म्हणजे बंगाल लुटणारे मराठे घोडेस्वार. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने 1742 मध्ये कोलकात्याभोवती खंदक खणला होता, त्याचं नावच मराठा डिच. बंगाली आया अजून बर्गींची भीती घालून पोरं झोपवतात म्हणे. चौथाईचा हिशेब वेगळा असतो, असं काहीतरी मी पुटपुटलो आणि भाकरी संपवली.

आई मात्र त्या दिवशी दारांपाशीच रेंगाळली होती. विसाव्या शतकात वाडा ओस पडला, आतलं बरंच सामान विकलं गेलं. 1950 च्या दशकात लॉर्ड आणि लेडी इलिफ यांनी तो घेतला. लिंकनशायरमध्ये जॉन कारचाच हात लागलेली पँटन हॉल ही हवेली पाडत होते. तिथली दारं आणि शेकोट्यांच्या चौकटी इलिफ दांपत्याने इथे आणून बसवल्या. एकाच हाताची आखणी, त्यामुळे मापं जुळली. 1978 मध्ये सगळं नॅशनल ट्रस्टला, जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला, देऊन टाकलं.

आमच्या आजोळच्या वाड्याची सागवानी चौकट मामाने भंगारवाल्याला दिली. सतरा वारस, छप्पर गळकं, करणार काय? बंगालचा पैसा हाताशी असता तर आम्हीही जपली असती.

आईने दार बोटाने हळूच ढकललं. तिथे राखणीला बसलेल्या आजीबाईंनी बघितलं. मला वाटलं, आता ओरडणार. त्यांनी मानेनेच खुणावलं, अजून ढकला.

"करकरत नाही बघ," आई म्हणाली.