मातीच्या भट्ट्या आणि आमची वाटचाल

पाव भाजण्यासाठीच्या, उघड्यावरच्या मातीच्या भट्ट्या बांधण्याचा आमचा व्यवसाय सुरळीत चालला त्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. कामे येत गेली, भट्ट्या उभ्या राहिल्या. लिहायचे आहे ते दुसऱ्याने बांधलेल्या भट्ट्या तडकल्या आणि बदनामी आमच्या पदरात पडली त्या काळाबद्दल.

भांडवल, जाहिरात आणि घाई या तिन्ही गोष्टी मुबलक असलेला एक प्रतिस्पर्धी आमच्या क्षेत्रात उतरला. वाळूच्या ढिगावर ओला कागद पसरून त्यावर चिकणमाती-वाळूचा थर थापणे, तो आवळला की वाळू उकरून काढणे, मग उष्णता आत धरून ठेवणारा पेंढा-मातीचा जाड थर आणि शेवटी गिलावा, एवढा धीर त्याच्याकडे नव्हता. त्याने सिमेंटचा घुमट करून वरून मातीचा हात फिरवला आणि तोच माल ‘पारंपरिक’ म्हणून विकला. थेट जाळ लागणाऱ्या जागी सिमेंट 400 ते 500 अंश सेल्सिअसच्या दरम्यान पकड सोडू लागते, हे या धंद्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. घुमट फुटू लागले तेव्हा मात्र सिमेंटला कोणी बोल लावला नाही. ‘मातीच्या भट्ट्या टिकतच नाहीत’ असा बोभाटा झाला. आमची ठरलेली कामे रद्द झाली, लोक आगाऊ रक्कम परत मागू लागले आणि आम्हीच तयार केलेले कारागीर त्याच्याकडे गेले. पगार थकले तेव्हा हत्यारे विकायला काढावी लागली. त्या ढिगातून आमच्या भागीदार काकांनी आपली लाकडी थापी उचलली आणि ‘ही विकायची नाही’ एवढेच म्हणाले.

काका मूळचे गवंडी. मातीचा गोळा कमरेच्या उंचीवरून टाकून तो फुटला तर वाळू जास्त आणि पसरला तर पाणी जास्त, हे त्यांनीच आम्हाला शिकवले. त्या थापीची मूठ अंगठ्याच्या जागी इतकी झिजली होती की नवख्याच्या हातात ती तिरकीच बसे.

आम्हाला सावरले ते आमच्या पहिल्या ग्राहक असलेल्या बेकरीवाल्या बाईंनी. शंका घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला त्या आपल्या भट्टीपाशी नेत, काजळी जळून घुमट आतून पांढरा पडेपर्यंत जाळ चालू ठेवत आणि मग बाहेरच्या अंगाला हात लावायला सांगत. आत जाळ रसरसत असताना बाहेर हात टेकवता येतो, हे एकदा अनुभवले की पेंढ्याच्या थराचे महत्त्व वेगळे समजावावे लागत नसे. हळूहळू कामे परत आली.

कोणी विचारलेले नाही, तरी नव्या मंडळींना सांगतो. तोंडाची उंची घुमटाच्या आतल्या उंचीच्या 63 टक्क्यांच्या आसपास ठेवा. ते फार उंच झाले तर उष्णता निसटते आणि फार बुटके झाले तर जाळ गुदमरतो. तळाच्या विटा गारा, म्हणजे मळलेला चिखल, न वापरता वाळूवर घट्ट बसवा, म्हणजे एखादी फुटली तरी बदलता येते. ओल्या भट्टीत हौसेने मोठा जाळ करू नका. आतल्या पाण्याची वाफ वाट शोधताना कवच फोडते. आणि छप्पर घालाच. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात जुन्या मातीच्या भट्ट्यांवर लाकडी छप्पर असे, ते काही शोभेसाठी नव्हते.

हल्ली आम्ही नव्या मुलांकडून भट्टी बांधून घेतो आणि ती पाडून त्याच मातीची पुन्हा बांधायला लावतो. बाहेरची कच्ची माती भिजवली की पुन्हा मळता येते. आतली भाजलेली माती भिजत नाही, ती कुटून वाळूच्या जोडीने मिसळतात. नकाशे काढून ठेवले आहेतच, पण पायाखाली गारा कधी तयार झाला हे नकाशा सांगत नाही.

त्या प्रतिस्पर्ध्याने आता हा धंदा सोडला आहे. त्याच्या भट्ट्यांची दुरुस्ती आम्ही घेत नाही. पाडून नवी बांधायची असेल तर येतो, आणि पाडण्याचे पैसे वेगळे लावतो.